खिडकीतला दिवा

अकोल्याला मी सकाळचा चहा गाळत होतो आणि अमरावतीहून ताईच्या शेजारीणबाईंचा फोन आला. "बापूभाऊ, बाई उठून नाई राहिल्या..." एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता दीड महिना झाला.

भाऊजी गोव्यात सरकारी नोकरीला आणि ताईची शाळा अमरावतीत, त्यामुळे त्यांचा संसार वर्षातल्या दोन सुट्ट्यांपुरता. एकदा त्यांनी एक कॅसेट आणली. त्यांच्या म्हाताऱ्या घरमालकिणीनं स्वयंपाक करता करता म्हटलेलं पोर्तुगीज प्रेमगीत होतं ते, मागे भांड्यांचा आवाज. ताईनं अर्थ विचारला तेव्हा भाऊजी बडनेऱ्याला गाडी धरायला निघालेले, बॅग उंबऱ्यात. ते म्हणाले, नावाडी बायकोला सांगतोय, खिडकीत दिवा लाव, तो बघत मी किनाऱ्याला लागेन. त्या संध्याकाळपासून ताई खिडकीत दिवा लावू लागली. समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. खिडकीसमोर चिंच आणि पाण्याची टाकी. नाव काय टाकीत लागणार, म्हणून मी तिला चिडवायचो. भाऊजी वारले, तरी दिवा चुकला नाही.

गेल्या वर्षी ती म्हणाली, "बापू, त्या गाण्याचा खरा अर्थ काढून देशील का मले?" पोर्तुगीज जाणणाऱ्या एका जुन्या स्नेह्याला मी गाणं ऐकवलं. ते अगदी उलटं निघालं. नावाडी म्हणतो, दिवा विझव, खिडकी लावून घे, समुद्रानं मला ठेवून घेतलंय, माझ्या वाटेकडे डोळे लावू नकोस. आमच्याकडे घरून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. मग उंबऱ्यात उभं राहून भाऊजी असलं अभद्र कसं बोलतील? त्यांनी अर्थ का फिरवला, ते मला समजलं. पण ताईला काय सांगायचं... आठ दिवस मी अमरावतीला फिरकलोच नाही. शेवटी गेलो आणि धडधडीत खोटं बोललो, "भाऊजी सांगत तेच हाय, ताई." तिनं वात सारखी केली. "मंग बरं झालं," म्हणाली.

तेराव्यानंतर कपाट आवरताना कॅसेटच्या डबीत एक कागद मिळाला. उत्तरपत्रिकेचं पिवळं पडलेलं पान, त्यावर ताईच्या अक्षरात गाण्याचा खरा अर्थ, विझलेल्या दिव्यासकट. कुणाकडून करून घेतला, देव जाणे. खाली लिहिलं होतं, 'यांना कळू द्यायचं नाही.' म्हणजे भाऊजी हयात असतानाच तिला माहीत होतं! मग मला कशाला विचारलं? इतकी वर्षं एकटीनं सांभाळलेलं तिला कुणाशी तरी बोलायचं असेल. मी खरं सांगितलं असतं तर ती बोलली असती. मी तिचं तोंडच बंद केलं, हे काही केल्या मनातून जात नाही.

परवा घर बंद करायला गेलो. खिडकीच्या चौकटीला काजळीचा डाग आहे, तो पुसला नाही. दिवा लावला, तेल संपेपर्यंत बसलो. कुलूप घातलं, सवयीनं "येतो, ताई" म्हणालो, आणि तिच्या "ये बरं"साठी पायरीवर थांबलो.