ठकी अजून यायची आहे

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि त्या वर्षी मी एक जग तयार केलं. आमच्या घराण्यात आधी कुणी केलेलं नाही. माझं शिक्षण चौथी, तीही परीक्षेला न बसता, म्हणून हे माझ्या हाताने लिहून ठेवतो. नाहीतर उद्या लोक म्हणतील, सगळं नातीने केलं. नातीने फक्त जागा दिली. आणि त्या जगापायी मला एक शब्द मागे घ्यावा लागला, जो मी पासष्ट वर्षं धरून होतो. तेही लिहितो, कारण अर्धं लिहिणं हा चोरटेपणा झाला.

जागा म्हणजे घोडबंदर रोडला आमच्या इमारतीचं क्लबहाऊस. मी मूळचा कोपरीचा, कोळ्याचा मुलगा. बापाची होडी होती, मी मात्र कारखान्यात लेथवर जन्म काढला. आता मुलीकडे बाविसाव्या मजल्यावर असतो. नात पंचवीस वर्षांची, कंप्युटरच्या ऑफिसात आहे. दर रविवारी दुपारी तिची दोन मित्रमंडळी यायची, एक दाढीवाला आणि एक चष्मेवाली, आणि तिघं बसून एक खेळ खेळायची. खेळ असा, की एक जण जग सांगतो. बाकीचे त्या जगातली माणसं होतात आणि 'मी आता असं करतो' असं बोलतात. जमलं की नाही ते वीस तोंडांचा फासा ठरवतो. मोठा आकडा आला तर जमलं, एक आला तर कारभार आटोपला. जग सांगणाऱ्याला मास्टर म्हणतात. तेव्हा मास्टर नात होती.

मी बाजूला पेपर वाचत बसलेलो. नात आवाज खोल करून सांगत होती, "तुम्ही बर्फाच्या डोंगरापाशी उभे आहात. समोर काळा किल्ला."

मी म्हटलं, "बर्फ पाहिलायस का गं कधी? उसाच्या रसातला सोडून?"

दाढीवाला हसला. नात नाही हसली. "आजोबा, ते इमॅजिनेशन आहे."

"असू दे. किल्ल्यात मासळी काय मिळते?"

"मासळी नाही मिळत. सूप आणि ब्रेड."

"मग तिथे राहतो कोण? आजारी माणसं?"

"आजोबा, बोलणं सोप्पं असतं हां," चष्मेवाली म्हणाली. "तुम्ही बनवून दाखवा ना एक जग."

"बनवतो की. पुढच्या रविवारी."

बोलून बसलो आणि आठवडाभर जेवणात लक्ष नाही. जग कशाचं बनवायचं? राजे-राजवाडे मी पाहिलेले नाहीत. लेथ पाहिलेला, पण लेथचं जग कोण खेळणार? शेवटी एका दुपारी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर खाडीची रेघ ओढली, आणि तिच्या काठावर लहानपणी आम्ही जे जे खेळलो ते मांडत गेलो. आमचं एकही खेळणं विकत आणलेलं नव्हतं. खाडीने दिलं, झाडाने दिलं, नाहीतर कुणीतरी टाकून दिलं. त्यामुळे जग स्वस्तात झालं.

राजा म्हणजे भोवरा. फिरतोय तोवर राजा, पडला की राज्य संपलं. म्हणून त्याला कामं भराभर सांगायची. सुरुवातीला तो शहाण्यासारखं बोलतो, पण शेवटी डोलायला लागला की वाटेल ते हुकूम सोडतो. आणि नवीन राजा येईपर्यंत शेवटचाच हुकूम चालतो, त्यामुळे देशातले सगळे कायदे डोलणाऱ्या राजाने केलेले. प्रधानाकडे फक्त भोवऱ्याला गुंडाळायची दोरी असते. खरी सत्ता त्याची.

राजधानी सायकलच्या टायरवर वसलेली. काठीने हाणत तिच्याबरोबर कुणीतरी पळत राहिलंच पाहिजे, नाहीतर राजधानी आडवी. पळायच्या पाळ्या घराघरांत वाटून दिलेल्या. कपडे वाळत घालायचे ते आपली गल्ली वर आली की, आणि खाली जायच्या आत काढायचे. सैन्य ताडगोळ्यांच्या गाड्यांचं. दोन वाळलेली फळं, मध्ये काडी, की झाली गाडी. ही गाडी पुढेच जाते. मागे न्यायची तर उचलून फिरवावी लागते, म्हणून आमच्या सैन्यात माघार नाही. शूर होते अशातला भाग नाही. प्रजा चिंचोक्यांची, एका बाजूने घासून पांढरी केलेली. सकाळी उठताना काळी बाजू वर आली तर त्या दिवशी त्या माणसाशी व्यवहार करायचा नाही.

दाढीवाल्याला ड्रॅगन पाहिजे होता. मी म्हटलं, ड्रॅगन नाही, चिंबोरी आहे. खाडीतली मोठी चिंबोरी आम्ही पायाला दोरी बांधून फिरवायचो. ती इथली न्यायाधीश. आडवी चालते, दोन्ही पक्षांना चिमटा घेते आणि निकाल देऊन बिळात जाते. तिथे पोचलं की अपील नाही.

घड्याळ नव्हतंच. वेळ भरती-ओहोटीवर. कुठे निघायचं तर आधी मला तिथी विचारायची.

पहिल्याच रविवारी दाढीवाला राजधानीच्या कडेला उभा राहून भाषण करायला गेला. फासा टाकला, एक. मी सांगितलं, "गल्ली खाली गेली. तू टायरखाली. मेलास."

"आजोबा यार! एकदा परत टाकू द्या ना. कॅरेक्टर बनवायला दोन तास लागलेत."

"फासा म्हणजे भरती. तिला परत ये म्हणून सांगता येतं का?"

"असं कोण करतं?"

"मास्टर करतो."

बिचारा पुढे चिंचोका होऊन खेळला. पण खेळ रंगला, हे तोही कबूल करील. लिफ्टमध्ये अनोळखी पोरं मला 'मास्टर' म्हणायला लागली. चौथी नापास म्हणा किंवा न बसलेला म्हणा, मला मास्टर म्हणत होती.

तर सगळी खेळणी कॅलेंडरवर आली, एक सोडून. ते माझं नव्हतं, माझ्या धाकट्या बहिणीचं होतं. लाकडाची ठकी, डोळे-नथ रंगवलेली. बापाने जत्रेतून आणलेली, म्हणजे आमच्या घरातलं विकत घेतलेलं एकमेव खेळणं. मी नऊ वर्षांचा, बहीण सहाची. मी नारळाच्या पोयीची होडी केली होती. पोय म्हणजे नारळाच्या फुलांवरचं ते लांबट वाळकं झाकण, होडीच्याच आकाराचं असतं. होडी झाली, पण तिच्यात बसायला कुणी नाही. मी ठकी मागितली. बहीण देईना. मी म्हटलं, "आता ओहोटी सरत आलीय. जरा खाली जाईल आणि भरतीबरोबर परत येईल. कोळ्याचा पोर आहे मी, मला शिकवतेस?" तिने दिली.

संध्याकाळी भरती आली. तिच्याबरोबर एक चप्पल आली, दोन नारळ आले, एक फुटका माठ आला. ठकी नाही आली. बहीण रडायला लागली. मी म्हटलं, "येईल. पुढच्या भरतीला." पुढच्या भरतीला म्हटलं, "अमावस्येचं उधाण येऊ दे." आणि एकदा मी येईल म्हटलं की येईल. बहिणीचं लग्न झालं, दिवा गावाला सासरी गेली, नातवंडं झाली. दर भाऊबीजेला ओवाळायचं ताट हातात धरून ती विचारते, "दादूस, माजी ठकी आली का रं?" मी म्हणतो, "येल." मग ती टिळा लावते. पासष्ट वर्षांत मी एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही.

आणि नुसतं तोंडाने नाही. कोपरीचं घर सोडताना शेजाऱ्याला सांगून आलेलो, लाकडाची बाहुली किनाऱ्याला लागली तर मला कळव. बाविसाव्या मजल्यावरून खाडी दिसते ती वेगळी, घोडबंदरच्या बाजूची. पण कोपरीची खाडी वर जाऊन तिलाच मिळते, म्हणजे ठकी वळसा घालून इकडूनही येऊ शकते. पौर्णिमेला मी गॅलरीत उभा राहतो. मुलीला वाटतं, मी हवा खातो.

नातीला हे सगळं माहीत होतं. दर भाऊबीजेला ती माझ्याबरोबर दिव्याला येते. एका रविवारी तिने कॅलेंडरच्या खालच्या टोकावर बोट ठेवलं, जिथे खाडीची रेघ कागदाबाहेर जाते.

"इथून खाली काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? समुद्र? भुतं?"

"कागद संपला."

आता तुम्ही सांगा, मास्टर 'काही नाही' म्हणाला की ही पोरं दुसरीकडे जातील का? नात म्हणाली, "आम्ही तिघं होडी घेऊन खाली जातोय. ठकीला शोधायला."

"ठकी खेळात नाही."

"तुम्हीच म्हणालात, लहानपणीची सगळी खेळणी आहेत."

"माझी. ठकी तिची होती."

"मग तिची तिला परत द्यायला नको का?" चष्मेवाली म्हणाली. अकाउंट्सची परीक्षा देणारी पोरगी, बरोबर जागी बोट ठेवते.

मी कॅलेंडरला खाली दुसरं पान चिकटवलं.

तीन रविवार गेले. राजाकडे परवाना मागायला गेले तर राजा डोलायला लागलेला. त्याने हुकूम सोडला की प्रवासाला निघणाऱ्याने डोक्यावर माठ घालावा. घातले. आंधळ्यासारखे होडीत बसले. चिंबोरीपुढे खटला झाला, चिंचोका आणि चष्मेवाली दोघांना चिमटे बसले. शेवटी दुसऱ्या पानाच्या अगदी खाली, जिथे भरतीला परत न आलेल्या सगळ्या वस्तू राहतात, तिथे त्यांना ठकी दिसली. एका पायाच्या चपलांच्या गावात, पोयीत बसलेली. नथीचा रंग गेलेला. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आलं.

"उधाणाची भरती लागलीय," मी सांगितलं. "हिच्याबरोबर निघालात तर घरी. दहाच्या वर पाहिजे."

नातीने फासा दोन्ही हातांत खुळखुळवला, फुंकर मारली आणि टाकला. तो कॅरमबोर्डाला आपटून थांबला.

एक.

मग दाढीवाला, ज्याला मी टायरखाली मारलेला, तोच म्हणाला, "आजोबा, परत टाकू द्या ना तिला. मी काही नाही बोलणार."

माझ्या हातात होतं. मास्टर म्हणेल ते खरं. टाक म्हटलं असतं तर टाकला असता. किंवा तेच म्हणायचं जे मला तोंडपाठ होतं, पुढच्या भरतीला येईल. नात माझ्याकडे बघत होती आणि तीही तेच ऐकायला थांबलेली.

"नाही आली," मी म्हटलं.

"म्हणजे पुढच्या..."

"नाही. बुडाली. पोय किती वेळ तरंगणार? ओहोटी सरत आलेली नव्हती. नुकती लागलेली. मी चुकलो होतो."

चष्मेवालीने हळूच डोक्यावरचा माठ काढल्यासारखं केलं. मी कॅलेंडर गुंडाळलं आणि वर गेलो. लिफ्टमध्ये एक पोरगं 'हाय मास्टर' म्हणालं, मी बाविसाचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने स्टेशन गाठलं आणि दिव्याला उतरलो. बहीण चौथ्या मजल्यावर राहते. इमारतीला लिफ्ट आहे, तिच्यात सायकली ठेवतात. पाणी वर चढत नाही, खाली नळाला येतं. त्यामुळे बहीण खालीच भेटली, बायकांच्या रांगेत प्लॅस्टिकच्या स्टुलावर, पुढ्यात दोन बादल्या.

"काय रं दादूस, सकाल सकालच्याला? कोन गेला?"

"कोनी नाय गेला. ठकीचं सांगाला आयलोय."

"आली?"

"नाय. येनार पन नाय. बुडाली ती. माजी भरती चुकलेली."

रांग सरकली. तिने आधी बादल्या पुढे ढकलल्या, मग स्टूल, मग माझ्याकडे बघितलं. "पासष्ट वर्सांनी सुचला तुला?"

"फासा पडला."

"मला तवाच ठावं होतं. बाबा बोललेले मला, ठकी पार दर्यात गेली."

"मंग दर साल इचारत कनाला होतीस?"

"तू काय बोलतंस ते बघाला." मागच्या दोन बायका हसल्या. त्यांनाही माहीत असणार. बहीण मात्र हसली नाही. पदराने तोंड पुसलं आणि माझ्यावरच खवळली. "आनि आता? भाऊबीजेला ताट घेऊन मी काय इचारू तुला? तब्येत?"

तेवढ्यात तिचा नंबर आला. बादल्या भरल्या. एक तिने माझ्याकडे सरकवली, म्हणाली, "धर." धरली. ती मागे दुसरी घेऊन.

दुसऱ्या मजल्यावर मागून आवाज आला, "दम लागला काय रं?"

"नाय," मी म्हटलं, आणि चौथ्या मजल्यापर्यंत बादली खाली ठेवली नाही.