नायगावात ओतलेला दात

नैरोबीत असताना माझा वरचा एक दात अर्धा तुटला. सुळ्याच्या मागचा, हसलं की दिसणारा. आमटीत खडा आला होता. माझे यजमान तिथे रेल्वेत कारकून होते आणि मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. गोऱ्या डॉक्टरने दातावर टोपी बसवायची जी रक्कम सांगितली ती ऐकताच हे माझी छत्री उचलून दाराकडे निघाले.

मग मी स्वस्तातला मार्ग धरला. बाजारात एक जण दात बसवून द्यायचा. त्याने एका दुपारात पांढऱ्या धातूची टोपी ठोकून दिली. महिन्याभरात हिरडी सुजली, तोंडाला सतत घाण चव, आणि वर्गात मी रुमाल तोंडावर धरून शिकवू लागले. पुढच्या बाकावरच्या मुली मान मागे घेत, ते मला दिसत होतं. शेवटी शाळेतल्याच एका बाई म्हणाल्या, "तुम्ही रजेवर मुंबईला जाणारच आहात ना? तिकडेच करून घ्या. चांगलंही होईल आणि परवडेलही."

यजमानांना रजा नव्हती. मी एकटीच मोंबासाहून बोटीने माहेरी गिरगावात आले. आठ आठवडे हातात होते. शाळा उघडायच्या आत पोचवणारी परतीची बोट एकच होती. ती चुकली तर शाळा दुसरी बाई नेमणार, हे मला बजावूनच सोडलेलं होतं.

ठाकुरद्वारच्या दाताच्या डॉक्टरांनी ती जुनी टोपी काढली आणि चिमट्यात धरून उजेडात पाहिली.

"हे काय आहे? पत्रा?"

मी मान खाली घातली.

"दात जिवंत आहे, वाचेल," ते म्हणाले. "पण आधी हिरडी बरी होऊ दे. आणि नवी टोपी बसेल ती कडेला केसाएवढीही फट न ठेवता. फट राहिली तर आत कीड लागणार. तुम्ही तिकडे, मी इकडे. दुरुस्तीला येणार कशा?"

हिरडीने फार वेळ घेतला. बोटीला आठवडा उरला तेव्हा कुठे डॉक्टरांनी दात कोरून लहान केला, त्याचं माप घेतलं आणि वरून सिमेंटचं तात्पुरतं झाकण लावलं. सोनं आईने दिलं, तिची एक जुनी अंगठी. टोपी घडवणारा मेकॅनिक नायगावला बीडीडी चाळीत राहत होता. "माझ्यापेक्षा त्याचा हात महत्त्वाचा," असं डॉक्टरच म्हणाले. चार दिवसांत टोपी येणार होती.

दुसऱ्याच दिवशी मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर जाहीर झालं आणि सगळा गिरगाव रस्त्यावर आला. ट्रामच्या रुळांवर दगड, गल्लीगल्लीत अश्रुधूर, मग गोळ्यांचे आवाज. धाकटा भाऊ सत्याग्रहात पकडला गेला. संचारबंदी लागली. त्यातच माझ्या दातावरचं झाकण निखळलं. उघड्या कोरलेल्या दाताला नुसता श्वास लागला तरी कानापर्यंत कळ जायची. मी तोंड मिटून बसायचे आणि आईला वाटायचं, भावासाठी झुरतेय. तेही खोटं नव्हतं.

बोटीला दोन दिवस उरले. सकाळी सात ते अकरा संचारबंदी उठायची. मी आईला म्हटलं, "डॉक्टरांकडे जाऊन येते, इथेच तर आहे."

दवाखाना बंद होता. डॉक्टर वरच्याच मजल्यावर राहत. ते बनियनवरच खाली आले.

"टोपी नायगावला अडकलीय. ना तो इकडे येऊ शकला, ना मी कुणाला पाठवू शकलो."

"पत्ता द्या."

"बाई, वेड लागलंय का? लालबाग-परळला जास्त तंग आहे."

"परवा बोट आहे, डॉक्टर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दवाखान्याच्या कागदावर चिठ्ठी लिहून दिली. ट्राम नाही, बस नाही. मी चालत निघाले. भायखळ्यापर्यंत माणसं दिसत होती, पिशव्या घेऊन भाजी-दूध गाठायला पळणारी. लालबागला दुकानांच्या फळ्या लावलेल्या, गिरणीच्या दारात पोलिसांची गाडी, रस्त्यावर काचा. एका खांबाच्या बुडाशी कुणी तरी कुंकू आणि फुलं वाहिली होती. तिथे काय झालं असेल ते कुणाला विचारावं लागलं नाही. मी पदर तोंडावर घट्ट धरला आणि चालत राहिले.

नायगावच्या चाळीत पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. मेकॅनिक चाळिशीचा, बारीक अंगाचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. खोलीच्या एका कोपऱ्यात त्याचं काम: स्टोव्ह, पायाने मारायचा भाता, प्लास्टरचे जबडे. भिंतीवर सुटाबुटातल्या नेत्याची तसबीर होती, तिला ताजा हार. घर कुणाचं ते मला कळलं. नैरोबीत मी सगळ्यांच्या घरी जेवत असे. इथे माझं पाऊल उंबऱ्यापाशी क्षणभर अडखळलं. ते त्याच्या बायकोने पाहिलं, हेही मी पाहिलं. तिने चटई अंथरली.

त्याने चिठ्ठी वाचली आणि डबीतून टोपी काढून माझ्या तळहातावर ठेवली. पिवळी, गुळगुळीत, सुंदर. मी ती रुमालात बांधायला लागले.

"ताई, ही नेऊ नका."

"का?"

"बरोबर नाही." त्याने टोपी प्लास्टरच्या दातावर चढवली आणि कडेवरून सुई फिरवली. एका जागी सुई अडकली. "माप काढताना इथे मेण ओढलं गेलंय. मी डॉक्टरांना निरोप धाडणार होतो, तेवढ्यात हे सगळं सुरू झालं. टोपी बसेल, दिसेल पण चांगली. पण आतून दात जाईल."

"मग आता?"

"नवीन माप पाहिजे."

"घ्या की."

"मी मेकॅनिक आहे, ताई. तोंडात हात घालायचा माझा हक्क नाही." त्याने सुई खाली ठेवली. "दहा वर्षं दवाखान्यात डॉक्टरच्या शेजारी उभा राहून मापं बघितलीत. येत नाही असं नाही."

घड्याळात साडेनऊ झाले होते. तेव्हाच निघाले असते तर अकराच्या आत घरी पोचले असते, रुमालात ती टोपी घेऊन. नवीन माप म्हणजे नवीन मेण, नवीन साचा, तीच टोपी वितळवून पुन्हा सोनं ओतायचं. म्हणजे संचारबंदीत अडकायचं. आईला कळवायची काही सोय नाही. एक मुलगा तुरुंगात, मुलगी घरातून गेली ती परत नाही. मला आईचा चेहरा दिसत होता. आणि नैरोबीतला तो पत्राही आठवत होता.

"घ्या माप," मी म्हटलं. "मी सांगतेय म्हणून घ्या."

त्याने तीन वेळा साबणाने हात धुतले. त्याच्या बायकोने माझ्या मागे बसून माझं डोकं आपल्या छातीशी धरलं. सुई नाही, भूल नाही. गरम केलेलं मापाचं मेण तांब्याच्या कड्यात भरून त्याने उघड्या दातावर दाबलं, तेव्हा मला समोरची भिंत दिसेनाशी झाली. माझी नखं तिच्या मनगटात रुतली. ती कानाशी म्हणत राहिली, "झालं, झालं बाय, आता झालंच."

अकराचा भोंगा वाजला आणि चाळ एकदम शांत झाली. तो मेणाच्या दातावर कोरणी चालवत होता. दुपारी साचा स्टोव्हवर तापत असताना लालबागच्या बाजूने आवाज आला. आधी फटाक्यासारखा एक, मग लागोपाठ. व्हरांड्यातून कुणी ओरडलं, "आत व्हा, आत व्हा!" त्याच्या बायकोने दार लावलं. अश्रुधूर खाली कुठे तरी होता, पण डोळे खोलीतही चुरचुरायला लागले. नेमक्या त्याच वेळी सोनं वितळलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हातातली ज्योत हलली नाही. सोनं आत शिरावं म्हणून त्याने साचा हाताने गरकन फिरवला, पाण्यात टाकला, चर्र झालं, आणि मगच तो खाली बसला आणि तोंड पुसलं.

त्याच्या बायकोने चहा आणला. बशी माझ्यापुढे धरली, पण थोडी लांबच, म्हणजे नको असेल तर मला नाही म्हणता यावं. मी कप घेतला. दुखऱ्या बाजूने घोट गेला आणि मी कळवळले, तशी ती पहिल्यांदा हसली. रात्री भाकरीही त्यांचीच कुस्करून खाल्ली.

सकाळी सातला आम्ही निघालो. तो म्हणाला, "बसवताना मी हजर पाहिजे." त्याच्या पिशवीत टोपी, प्लास्टरचा जबडा, चिमटे. लालबागला पोलिसांनी अडवलं.

"पिशवीत काय? दगड?"

"दाताचं काम आहे, साहेब."

शिपायाने पिशवी रस्त्यावर उलटी केली. जबडा आपटून दोन तुकडे झाले, घरंगळलेली टोपी मेकॅनिकने झटकन उचलून मुठीत घेतली. दुसऱ्याने त्याची कॉलर धरली. "नायगावचा काय? काल दगड मारायला होतास?" त्याने हात वर केले, पण एक मूठ उघडली नाही. काठी वर गेली आणि मी मध्ये घुसले. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या नाकासमोर धरली, पदर काढला आणि तोंड वासून तो कोरलेला दात दाखवला. थंड हवा आत गेली, डोळ्यांत पाणी आलं.

"बघा! हे माझं काम करतायत. मूठ सोडायला सांगा, त्यात माझा दात आहे!"

इन्स्पेक्टर मराठीच होता. त्याने चिठ्ठी वाचली, माझ्या तोंडात पाहिलं, मग दुसरीकडे. "जाऊ दे त्यांना," तो हळू म्हणाला. मूठ उघडली. टोपीच्या कडेने तळहातावर चरा पडला होता.

ठाकुरद्वारला पोचल्यावर डॉक्टरांनी टोपी चढवली, कडेवरून सुई फिरवली. एकदा, दोनदा. सुई कुठेच अडकली नाही. त्यांनी आरसा माझ्याऐवजी मेकॅनिकच्या हातात दिला. "तू बघ." मापाचं कुणी काही विचारलं नाही.

घरी आई जिन्यात बसली होती. शेजारच्या बायका भोवती. तिने मला मारलं, लहानपणानंतर पहिल्यांदाच, आणि मग घट्ट धरलं. पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "होतीस कुठे? जेवलीस कुणाकडे?"

मी सगळं सांगितलं, भाकरीसकट. ती बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दाखव." मी तोंड उघडलं. तिने बोट लावून पाहिलं. "माझी अंगठी हीच का?" एवढंच विचारलं आणि स्वयंपाकघरात गेली. दुपारी तिने बेसनाचे लाडू वळले आणि अर्धे डब्यात घालून वेगळे ठेवले. ते नायगावला गेले की नाही हे मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी माझी बोट सुटली.

नैरोबीला पोचल्यावर मी मेकॅनिकला पत्र लिहिलं. पुढच्या काही वर्षांत मुंबईला रजेवर जाणाऱ्या बऱ्याच जणांना मी ठाकुरद्वारचा पत्ता दिला, आणि डॉक्टरांना सांगायला लावलं की काम नायगावलाच पाठवा. मुंबई महाराष्ट्राची झाली त्या वर्षी त्याचं एक कार्ड आलं. त्याने वेगळी जागा घेतली होती, दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली होती. आंदोलनाबद्दल एक ओळही नव्हती. खाली लिहिलं होतं, "कडेला हिरडी लाल होते का ते कळवावे."

मी आरशासमोर उभी राहून, नीट पाहून, मगच उत्तर लिहायला बसले.