बंद घराची तिसरी फेरी

दाराला कुलूप दिसलं की बाकीचे पुढच्या घराकडे वळायचे. आमचे काका घड्याळ बघून वेळ लिहून ठेवायचे. सर्वेक्षणात ते आमचे पर्यवेक्षक; सगळे त्यांना काकाच म्हणायचे. गुडघे कामातून गेलेले, तरी डहाणू-तलासरीचे पाडे पायी पालथे घालायचे. "बंद घराला तीन फेऱ्या. आणि तिसरी लांबवायची नाही," हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की मला त्याचा वीट आला होता.

एका उन्हाळ्यात आमच्याकडे एक दावा तपासायला आला: तलासरीकडच्या पाड्यांत दहातल्या नऊ घरांना नळाचं पाणी मिळतं. तो टिकला तर टँकर बंद होणार होता. काका म्हणाले, "आधी दावा खरा धरायचा. मग चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांना विचारायचं. कोरडी घरं चार-दोन जास्त निघाली तर योगायोग म्हणू. पण किती म्हणून योगायोगावर ढकलणार? फारच निघाली तर दावा सोडायचा."

माझ्या यादीतली निम्मी घरं बंद निघाली. ऊन मी म्हणत होतं, पाय भरून आले होते. मी रस्त्यालगतची उघडी घरं गाठली आणि बंद घरांच्या जागी तीच भरून टाकली. गणित मांडलं, तर दावा नाकारण्याइतका पुरावा निघेना.

काकांनी माझे फॉर्म चाळले. "भर दुपारी पाड्यावर घरी कोण असतं गं?"

मजुरीला जाणाऱ्यांची दारं बंद होती, आणि पाण्यावाचून होते ते तेच. घरं बदलल्याचं मी रडतच सांगून टाकलं. "कबूल केलंस ना? आता चपला घाल," एवढंच ते म्हणाले.

पुढचे चार दिवस आम्ही उजाडायच्या आत पाड्यावर हजर. हंडा घेऊन निघालेली एक बाई म्हणाली, "नल हाय ना. पानी कवा येल, ता त्यालाच ठाव." पुन्हा गणित मांडलं. दावा टिकला नाही, टँकर चालू राहिला. अहवालाला उशीर झाला म्हणून काकांचं कंत्राट मात्र वाढवलं नाही. चूक माझी होती, हे त्यांनी वर कुणाला कळू दिलं नाही.

माफी मागायला मी मसोलीला त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेले. कुलूप. पंधरा दिवसांनी गेले, तरी कुलूपच. मग नवं काम, नवे पाडे. दमल्याचं कारण तर कायम हाताशी असायचंच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा दार उघडं होतं, पण आत दुसरंच बिऱ्हाड.

"काका ना? त्यांना लेकीकडे नेलं होतं, दवाखान्यासाठी," तिथली बाई म्हणाली. "गेले ते. महिना झाला असेल."

ती तिसरी फेरी मी चार महिने लांबवली होती.