नोएलियाचे पत्र्याचे कंदील

नोएलिया माझी धाकटी बहीण. कोलंबियातल्या आमच्या अख्ख्या किंबाया गावात तिच्यासारखा कंदील कोणी करत नाही. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही, डोळे शाबूत असलेला माणूस म्हणून सांगतोय.

बसथांब्याजवळच्या खाणावळीत ती स्वयंपाक करते. तिथं टोमॅटोचे, मक्याचे, दूध पावडरीचे डबे रोज निघतात. ती ते घरी आणते, लेबलं भिजवून काढते, आत पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवते. आत बर्फ झाला की भोकं पाडायला खिळा ठोकला तरी पत्रा चेपत नाही. फक्त पाणी काठोकाठ भरायचं नाही, नाहीतर बूड फुगतं आणि डबा डुलतो. तिला हे कोणी शिकवलेलं नाही. पहिले अकरा डबे डुलले, तेव्हा तिचं तिलाच कळलं.

सात डिसेंबरला आमच्याकडे मरियामातेसाठी मेणबत्त्या लावतात आणि प्रत्येक गल्ली आपापले कंदील मांडते. आमच्या गल्लीत वीस वर्षं कागदीच कंदील, गल्लीतले जुने जाणते रुबिएलकाका सांगतील तसे. यंदा नोएलियानं गल्लीच्या बैठकीत उभं राहून लाकडाच्या वखारीची लांब पांढरी भिंत मागितली.

काका म्हणाले, "पोरी, भंगार मांडायचंय तर भंगारवाला आहे की."

"साडेसातपर्यंत द्या काका. नाही आवडलं तर तुमचे कागदी लावा. मी परत विषय काढणार नाही."

ती बोलली म्हणजे बोलली. वर्षभर दुपारच्या सुट्टीत ठोकलेले एकशे चाळीस डबे, सगळे सहा ते साडेसात या दीड तासावर.

सात तारखेला दुपारी आम्ही डबे भिंतीलगत मांडले. ती नटायची बाई नव्हे, पण सणाचा झगा घालायला घरी गेली. तेवढ्यात मी तीसेक डबे पुढं, रस्त्याकडेला सरकवले. एवढी मेहनत, लोकांना दिसायला नको?

आल्या आल्या तिनं ओळखलं. "दादा, हात लावलास?"

"अगं, दिसू दे की लोकांना."

"डबे नाही दाखवायचेत मला."

मग तिनं गुडघ्यावर बसून प्रत्येक डबा भिंतीपासून दीड वीत मोजून परत ठेवला. आत सगळ्या मेणबत्त्या एका उंचीच्या, वाती नखाएवढ्या कापलेल्या. मी बाजूला जाऊन बसलो. राग आला होता थोडा.

सहाला अंधारलं तशा मेणबत्त्या लावल्या. आणि दिसलं काय, तर जमिनीवर पिवळे ठिपके. नुसते ठिपके.

"मक्याचे दाणे सांडलेत का कोणाचे?" काका म्हणाले. गल्ली हसली. शेजारची ओर्फिलिया "छान आहे गं" म्हणाली, आजारी माणसाला म्हणतात तसं. माझं तर डोकंच तापलं. मी उठून काहीतरी बोलणार, तर नोएलियानं माझी बाही ओढली.

"दादा, बस खाली. मेणबत्ती जळू दे."

पावणेसात झाले असतील. ठिपके जमीन सोडून भिंतीला लागले होते. आधी मला वाटलं, माझी नजरच हलली. मग ओर्फिलिया म्हणाली, "वर सरकतंय ते." मेणबत्ती जशी जळून खाली जाईल तसा उजेड भोकांतून वर वर जात होता. जमिनीवर विस्कटलेले ठिपके भिंतीवर नीट जुळायला लागले. चोच आली. पंख आले. मग लांब शेपटी. बारांकेरो. आमच्या कॉफीच्या मळ्यातलं पाखरू, एक नाही, भिंतभर, आणि सगळी हळूहळू उडत वर चाललेली. वारा आला की ज्योत हलायची आणि एकशे चाळीस पाखरं एकदम पंख हलवायची.

शेजारच्या गल्लीतले लोक आपले कंदील सोडून आले, आमच्यात येऊन उभे राहिले. माझ्याच घरात, माझ्याच फ्रीजरमध्ये हे वर्षभर चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

कोणीतरी म्हणालं, "काका, साडेसात झाले."

"गप रे," काका म्हणाले. "आणि बाजूला हो, तुझी सावली पडतीये."

"अजून बोटभर मेणबत्ती आहे, काका," नोएलिया म्हणाली. "बसा."

काका रस्त्यावरच मांडी घालून बसले.