मशीन जागं होईस्तोवर

काकी कॉम्प्युटरला ‘अहो’ म्हणायच्या. “अहो, उठा की आता, पावणं ताटकळल्यात,” असं त्या पडद्याकडे बघून म्हणत आणि लग्नपत्रिका करून घ्यायला आलेली माणसं हसू दाबत. काका गेल्यावर कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं डीटीपीचं दुकान त्या एकट्याच चालवायच्या. मूलबाळ नव्हतं. राहायच्याही दुकानामागच्या खोलीत.

मी तेव्हा राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होतो. काकांच्या वेळचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला, तेव्हा मीच काकींना नवा आणून दिला. पण काकांनी घेतलेलं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर त्यावर चालेना. सगळ्या पत्रिकांचे नमुने त्यातच. शेवटी मी त्यांची जुनी विंडोज नव्या कॉम्प्युटरच्या आत, व्हर्च्युअल मशीन करून बसवली.

“म्हंजे कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर?” काकींनी विचारलं.

“व्हय, काकी.”

“मग रोज दोघांस्नी उठवायचं म्हण की!”

झालंही तसंच. आधी बाहेरचा सुरू व्हायचा, मग आतला, मग फाईल. तोवर काकी स्टोव्हवर चहा टाकत. “बसा, मशीन जागं होईस्तोवर बसा,” म्हणत आणि बाकावरच्या माणसाला बोलतं करत. मुलगी कुठं दिली, गडमुडशिंगीच्या पाहुण्यांकडे म्हशी किती, कुणाचं जमता जमता मोडलं, सगळं त्यांना ठाऊक. कधीकधी मशीन केव्हाच जागं झालेलं असे आणि काकी त्याच्याकडे पाठ करून बोलत बसलेल्या असत.

मग समोरच नवं दुकान झालं. तिथं काम झटपट मिळायचं. लग्नसराईत काकींचा बाक मोकळा दिसू लागला. फिरती चकती नसलेल्या, वेगवान डिस्क तेव्हा नुकत्याच येऊ लागल्या होत्या. पुण्याहून एक मागवू या, असं मी सुचवलं.

“काम लवकर हुईल, का नुसतं उठायलाच लवकर?” काकींनी नेमकं विचारलं.

“सुरू लवकर होईल, फायली लवकर उघडतील. टायपिंग आहे तसंच राहील. त्याला प्रोसेसर आणि मेमरी लागते.”

“बशीव. टायपिंगला मी खमकी हाय.”

डिस्क बसवली आणि काकींनी चहाचं आधण ठेवायच्या आत आतली विंडोजसुद्धा उघडली. काकी टाळी वाजवून हसल्या. गिऱ्हाईक पुन्हा येऊ लागलं. महिन्याभरानं मी सहज डोकावलो, तेव्हा एक गृहस्थ उभ्याउभ्या पत्रिका तपासून, चहा नको म्हणून निघून गेले. काकी दोन कप घेऊन तशाच उभ्या.

“काम वाढलंय रं,” त्या म्हणाल्या, “पण कोण बसंना झालंय. मशीन बी मुकंच. आदी घरघरायचं तरी.”

“जुनी डिस्क परत लावू का?”

“येडा हाईस काय? आनि पोट कशावर भरू?”

त्यांनी माझ्या हातात एक कप दिला. मी बसलो.

पुढं लोक पत्रिका घरीच करू लागले आणि डोळ्यांनीही काकींना दगा दिला. दुकान बंद झालं. भाच्यानं त्यांना हुपरीला नेलं. एकदा मुद्दाम भेटायला गेलो. घरभर चांदीकाम चाललेलं; पाच-सहा बायका पैंजणांच्या कड्या जोडत मोठमोठ्यानं बोलत होत्या. काकी बाजूला भिंतीला टेकून बसलेल्या.

“इथं बरंय की, काकी. माणसं हायत,” मी म्हटलं.

“हायत की,” त्या हळूच म्हणाल्या. “पन माझ्याकडं कुनाचं काय काम हाय?”

निघताना मी नको नको म्हणत असतानाही त्या स्टँडपर्यंत आल्या. कोल्हापूरची एसटी लागली. मी पायरीवर पाय ठेवला, तशी त्यांनी माझी बाही धरली.

“ही सोड. हिच्यात बसायला जागा न्हाय. मागनं दुसरी येती.”

एसटी निम्मी मोकळी होती. मी खाली उतरलो.