पारड्यातलं वरचं वजन

महिपत तोलारी उभा जन्म लोकांचा कापूस, ज्वारी, गूळ तोलत राहिला, पण स्वतः कधी काट्यावर चढला नाही. म्हातारपणी तो आदिलाबादच्या जिनिंगमध्ये, कापसाची सरकी काढायच्या गिरणीत, तोलायला होता. तिथले हमाल त्याला सोडायचे नाहीत.

"चढा नं मामा! तुमचं वजन काऊन लपवून राह्यले? सरकारी रेशन वाढते का त्याच्यानं?"

"तोलणाऱ्याले कोनी तोलत नसते, लेकाहो," म्हणून तो तंबाखूची गोळी दाढेखाली सारायचा. हसायचाही. पण काट्याच्या लोखंडी पाटापासून हातभर लांबच उभा राहायचा, आणि त्याचा डावा हात कोपरात वाकवून कमरेशी धरलेला असायचा. कडेवर लेकरू घेतलेली बाई धरते तसा.

तो हात जन्मापासून तसा नव्हता.

तामसीकडच्या आमच्या गावात महिपतची तराजू होती तेव्हाची ही गोष्ट. सागाची दांडी, चार चार साखळ्या, लाकडी पारडी. एका पारड्यात पोत्यासकट माणूस बसेल एवढी. पाचशेरी, अडीशेरी, पावशेर अशी वजनं होतीच, पण खरी तराजू म्हणजे त्याचे तळवे. बाईनं पदरातून आणलेली मूठभर तूर हातावर घेऊन तो सांगायचा, "दोन दाने कमी हायेत, बाई." दुकानात जाऊन तोललं तर दोन दाणेच कमी निघायचे, असं लोक सांगत. लोक काहीही सांगतात. पण त्याच्या हाताला एकदा लागलेलं वजन तो विसरत नसे, हे मात्र खरं.

लेकराच्या अंगावर देवी आल्या आणि लेकरू वाचलं, तर गावदेवी पोचम्मापुढं त्याची गुळाची तुला करायची. ते काम महिपतचं. एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात गूळ. दांडी सरळ झाली की तो म्हणायचा, "देवीचं देवीले, लेकरू घरले." किती शेर भरलं, हे कोणी विचारायचं नाही, त्यानं सांगायचं नाही. तुलेचा आकडा तोंडावाटे काढायचा नसतो. आणि दांडी तसूभरही कललेली चालत नसे. "कमी देल्लं तर देवी रुसते," तो म्हणे, "आन् जास्त देल्लं तर देवीले चटक लागते."

मग राज्यं बदलत गेली. निजाम गेला, हैदराबादचं राज्य आलं, ते मोडून आंध्र आलं. निजामाचा हाली शिक्का गेला, आणे गेले, नवे पैसे आले. शंभर पैशांचा रुपया गावाला पचतो न पचतो तोच शेरही गेला आणि किलो आला. वजनमापाचा इन्स्पेक्टर जीपमधून उतरला, तराजूच्या दांडीवर सरकारी मोहर शोधली, आणि म्हणाला, "ये नहीं चलेगा, बाबा." तराजू जीपमध्ये गेली. पारडी मावली नाहीत तर ती वर बांधून नेली. जीपच्या मागं साखळ्या वाजत गेल्या तशा गावातल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. मढं निघालं की राहतात तशा.

त्याच साली देवीची साथ आली.

महिपतच्या शेजारी रेणुकाबाईचं घर. नवरा बल्लारशाकडं सागाच्या वखारीवर कामाला. घरात ती आणि सहा वर्षांची सुभद्रा. सुभद्राच्या अंगभर फोड उठले. रेणुकाबाई पोटुशी होती, पाचवा सरत आला होता. तिलाही ताप भरला आणि पोटातलं गळून पडलं, पोरगी होती. घरात बाप्या माणूस नव्हता. जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं ते महिपतनं दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि ओढ्याकाठच्या मोहाच्या झाडाखाली पुरून आला. त्याच्यासाठी कोणी रडलं नाही. रडायला वेळच नव्हता, शेजारच्या खाटेवर सुभद्रा जळत होती.

सुभद्रा वाचली. रेणुकाबाईला आता तेवढं एकच होतं. उठून बसता येऊ लागलं तशी ती म्हणाली, "महिपतभाऊ, पोरीची तुला करून टाका. देवीचं देणं ठेवायचं नाई."

तराजू कुठून आणायची? सुभद्राला घेऊन दोघं बसनं आदिलाबादला गेले, जिनिंगच्या काट्यावर. काट्यावरच्या बाबूनं दांडीवरचं वजन सरकवलं आणि भर माणसांत मोठ्यानं आकडा सांगितला, "अठरा किलो, पन्नास ग्राम."

महिपतनं कानांवर हात ठेवले. पण सांगून झालं होतं. परतीच्या बसमध्ये तो हिशेब घोळवत बसला. एक रुपया पन्नास पैसे म्हणजे दीड रुपया. तर अठरा किलो पन्नास ग्राम म्हणजे साडेअठरा. नव्या पैशांनी सवय लावलीच होती, अवघड काही नव्हतं. गावात शामराव दुकानदाराच्या नव्या तराजूवर त्यानं स्वतःच गूळ जोखला. दहाचं, पाचचं, दोनचं, एकाचं वजन, वर अर्ध्याचं. शामरावनं आकडा विचारला नाही. विचारायचाच नसतो. गूळ पोचम्मापुढं ठेवला, मग गावात वाटला.

चार दिवसांनी रेणुकाबाई कुंपणाशी आली.

"भाऊ, पोरगी कशीच करून राह्यली."

"कशी?"

"कडंवर काई घेतल्यावानी चालते. जेवत नाई, अर्धी भाकर बाजूले ठेवते. म्हनते, तिची हाय."

"कोनाची?"

रेणुकाबाईनं मागं बोट दाखवलं. अंगणात सुभद्रा उभी होती, एका बाजूला कललेली, डावा हात कमरेशी वाकवून. उजव्या हातानं ती हवेत काहीतरी थोपटत होती.

दुसऱ्या दिवशी महिपत शामरावच्या दुकानात चहापत्तीला गेला. "पन्नास ग्राम दे." शामरावनं तराजूत पितळेचं एवढंसं वजन टाकलं. कोटाच्या गुंडीएवढं.

"हे काय?"

"पन्नास ग्राम."

"अर्धा किलो व्हय नं पन्नास?"

"काऊन थट्टा करता मामा! हजार ग्रामचा किलो. शंभराचा रुपया असते." शामराव हसला. "असे वीस टाकाल तवा किलो भरंल."

महिपत हसला नाही. "मंग पन्नास ग्रामच्या जागी अर्धा किलो टाकला, तर किती वर गेलं?"

"साडेचारशे ग्राम. अशा नऊ गुंड्या."

"दे बरं तेवढं हातावर."

शामरावकडं तेवढ्या गुंड्या नव्हत्या. दोनशेची दोन आणि पन्नासाचं एक अशी वजनं त्यानं महिपतच्या पसरलेल्या तळव्यांवर ठेवली. महिपतनं तळवे जरा वर-खाली करून पाहिले. हे वजन त्याच्या हाताला ठाऊक होतं. ओढ्यापर्यंत नेलं होतं ते त्यानं. फडक्यासकट.

तुला एकीची करायची होती. त्यानं दोघींची केली होती.

खात्री करायला सुभद्राला पुन्हा बसनं नेलं. बाबूनं दांडी बघितली. "साडेअठरा. भरली की पोरगी!"

"दोन घास खात नाई हो ती," रेणुकाबाई म्हणाली आणि तिनं पोरीला काट्यावरून खाली ओढलं. "भाऊ, देवीले चटक लागली. नेते आता हिले."

"देवी नाई नेत," महिपत म्हणाला. "देवीनं वरचं देल्लेलं वापस धाडलं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं त्याच मोहाच्या फांदीला आडवी काठी टांगली, काठीच्या दोन टोकांना दोरानं बांबूच्या दोन डाली बांधल्या. एकीत सुभद्राला बसवलं, दुसरीत ओढ्यातले धोंडे. आकडा नाही, मोहर नाही. काठी सरळ झाली. वारा पडलेला होता. मोहाचं पानही हलत नव्हतं.

महिपतनं तळवे पुढं केले. "सुभद्रा, तिले माझ्यापाशी दे."

"मामा, तिले आत्ताच झोप लागली."

"हळूच दे. मी उठवत नाई."

पोरीनं आईकडं पाहिलं. मग हात वाकवून कडेवरचं काही अलगद उचललं आणि महिपतच्या तळव्यांवर ठेवलं. दोर करकरला. सुभद्राची डाली चार बोटं वर गेली आणि तिथंच राहिली.

रेणुकाबाईला डालीच दिसली. महिपतच्या हातात तिला काही दिसलं नाही. पण त्याचे तळवे खाली गेलेले तिनं पाहिले.

"देवीचं देवीले," तो म्हणाला, "लेकरू घरले."

त्या संध्याकाळी सुभद्रानं अख्खी भाकर खाल्ली आणि दुसरी मागितली. महिपत मात्र मोहाखाली वाकून बसला होता. त्यानं जुन्याच जागी माती उकरली, तळवे उघडले, पालथे केले, झटकले. हात हलके झाले नाहीत. शेवटी त्यानं डावा हात कोपरात वाकवला आणि तो घरी आला.

सुभद्रा पुढं बेज्जूरला दिली. एकदा कापसाच्या दिवसात नवऱ्याच्या गाडीबरोबर ती जिनिंगला आली, कडेवर तिचं पोरगं. हमाल तेव्हाही महिपतला काट्यावर चढवायला बघत होते. म्हातारा मागं सरकत होता. सुभद्रानं त्यांना दटावलं आणि ती म्हाताऱ्याजवळ आली. त्याच्या वाकलेल्या हाताकडं बघून तिनं आवाज खाली आणला.

"मामा, झोपली हाय का अजून?"

महिपतनं कोपराकडं पाहिलं. "हळू बोल," म्हणाला.