ताईची ट्रायल

आमच्या ताईच्या शिवणकामाच्या दुकानातून ट्रायल दिल्याशिवाय एकही कपडा बाहेर जात नाही. आणि ट्रायल म्हणजे आरशासमोर गिरकी घेणं नव्हे बरं. ज्या कामासाठी कपडा, ते काम तिथेच करून दाखवायचं. ड्रायव्हरला ती स्टुलावर बसवून हवेत स्टिअरिंग फिरवायला लावते, मास्तरांना हात उंच करून भिंतीवर लिहायला. मी कोपऱ्यात काजं करत हसू दाबते. सगळं मनासारखं झालं की ताई नुसतं 'बसला' म्हणते. कौतुकाचा शब्द तिच्याकडे एवढाच.

हा ट्रायल शब्द आमच्या घरी जरा जास्तच नांदतो. आमचे हे कोर्टात कारकून. तिथली ट्रायल सुरू झाली की संपायचं नाव घेत नाही. माझी लेक औषधांच्या कंपनीत. तिच्याकडे ट्रायल म्हणजे नवी गोळी आधी थोड्या लोकांना देऊन बघायची. ताईचा मुलगा एकदा क्रिकेटच्या ट्रायलला गेला, आल्या पावली परतला आणि कितीतरी दिवस तोंड फुगवून बसला होता.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, घरं रंगवायचे. कुणाकडेही गेले की आधी छताकडे बघणार आणि घरच्यांसमोरच म्हणणार, "कोपरा कच्चा राहिलाय." ताईला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग साखरेच्या आजारात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तेव्हापासून त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. पुन्हा शिडीवर चढायचं हे एकच वेड होतं त्यांना, पण तो विषय काढायचीही चोरी.

कृत्रिम पाय करणाऱ्या कारागिराने ट्रायलला बोलावलं तेव्हा आम्ही तिघं गेलो. भाऊजींचा चेहरा एवढुस्सा झाला होता. पाय चढवला, दोन्ही बाजूंचे दांडे धरून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले आणि म्हणाले, "छान आहे."

ताईने कपाळाला आठी घातली. छान आहे म्हणणारी गिऱ्हाइकं तिने जन्मभर पाहिलीत. काखेत काचत असलं तरी छान म्हणायचं आणि घरी जाऊन कपडा कपाटात कोंबायचा. तिने कारागिराकडे सरळ शिडीच मागितली. तो हसला. त्यालाही सगळे छानच सांगतात म्हणे. ट्यूबलाइट बदलायची शिडी घेऊन आला बिचारा.

भाऊजी काही जागचे हलेनात. उशीर झालाय म्हणाले, घरी जाऊ म्हणाले. मला तर त्यांचा असा राग आला होता! शेवटी त्यांचा बांध फुटला.

"आणि नाही चढता आलं तर? मग सगळे म्हणतील, याचं काम संपलं."

ताई त्यांच्यासमोर खालीच बसली. "अहो, इथे तुम्हाला कोण नापास करणार आहे? ट्रायल तुमची नाही, पायाची आहे. बोचला तर चूक त्याची."

भाऊजी चढले. ताईने शिडी धरली. दुसऱ्याच पायरीवर ते "आई गं" म्हणून कळवळले. बोचत असल्याचं आज पहिल्यांदा कबूल केलं माणसाने. कारागिराने कड घासली, आतलं अस्तर बदललं. पुन्हा चढवलं, पुन्हा बोचलं, पुन्हा घासलं. मध्ये चहा झाला. आता भाऊजी स्वतःच कुठे टोचतंय ते बोट ठेवून दाखवायला लागले होते.

मग एकदा ते दोन पायऱ्या चढले, तिसरी चढले आणि या वेळी कळवळले नाहीत. भाऊजी दोन्ही पायांवर उभे होते, मान वर करून.

"कोपरा कच्चा राहिलाय," ते म्हणाले. "कुणी रंगवलंय हे?"

कारागीर गोंधळून छताकडे बघायला लागला. ताईने चेहरा शिडीआड लपवला, पण तिचे खांदे हलताना मला दिसलेच. शिडी तिने तशीच घट्ट धरून ठेवली होती.

"बसला," ती म्हणाली.